मामा, जिप्सी घेऊ का?

आपल्याकडे गाडी घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज काय देते?" आणि दुसरा, "किती जण मावतात?" जुन्या मारुती जिप्सीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाला मालक चहा मागवतो. दुसऱ्याला मात्र "आठ जण आरामात!" असं इतक्या अभिमानाने सांगतो, की समोर बसलेल्या आईच्या पोटात गोळा येतो.

भाचीला अठरा पूर्ण झाली, शिकाऊ लायसन्स हातात आलं आणि घेईन तर जिप्सीच, असं तिने भर जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. त्याच रात्री ताईचा मला फोन आला. घरात गाड्यांतलं कळणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे. एकदा भावोजींना त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडत नव्हतं आणि मला उघडलं, एवढ्या भांडवलावर ती उभी आहे.

"तू तिला नाही म्हणून सांग," ताई म्हणाली.

"तू का नाही सांगत?"

"मी सांगितलं. म्हणून तर ती जास्तच हटून बसलीय."

या हट्टाचं मूळ ताडोब्यात होतं. कॉलेजच्या ग्रुपबरोबर ती गेली होती. मोहर्ली गेटवरून पहाटे सफारी निघाली, गारठ्यात कुडकुडत सगळे उघड्या जिप्सीत उभे राहिले, वाघ काही दिसला नाही. पण सगळ्यांची नजर झुडपांत असताना हिची नजर ड्रायव्हरच्या हाताकडे होती. परत आल्यावर तिच्या मोबाइलमध्ये एक मोर, दोन सांबरं आणि बाकी सगळी जिप्सी निघाली. "मामा, ओढ्यातून गेली आणि त्या दादांनी साधा गिअरही बदलला नाही!" हा तिचा तांत्रिक अहवाल.

मी त्या फोटोंकडे बघत बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. या देशात जिप्सीत बसणाऱ्यांपेक्षा उभं राहणारेच जास्त. जंगलात पर्यटक उभे राहतात. निवडणुकीत उमेदवार उभा राहतो, तोही दोन्ही अर्थांनी. निकालानंतर तोच गुलालात न्हाऊन पुन्हा उभा असतो. वरातीत नवरदेव उभा राहतो, कारण त्याच्या मित्रांनी घोडा नको म्हणून सांगितलेलं असतं. आणि या सर्व प्रसंगी गाडी चालवणारा कोणी मुरलेला ड्रायव्हर असतो आणि काटा दहाच्या पुढे गेलेला नसतो. जिप्सीने आपल्या समाजात जी काही कीर्ती मिळवली, ती बहुतांशी माणसाच्या चालण्याच्या वेगात मिळवली आहे. लष्करातल्या जिप्सीचं कर्तृत्व निराळं, पण तिथे चालवणाऱ्याला शिकवायला सुभेदार असतो. आमच्याकडे तसा कोणी नाही, मीच आहे.

तरी मुलीचं अगदीच चुकत नव्हतं. तिच्या वर्गातल्या प्रत्येकाला थार हवी आहे. ही निदान बापाच्या खिशाकडे बघून जुनी मागत होती. जुनी म्हणजे स्वस्त, हा तिचा हिशेब. जिप्सीच्या बाजारात तो चालत नाही. मारुतीने ही गाडी १९८५ च्या डिसेंबरात आणली आणि २०१९ च्या आसपास सामान्य गिऱ्हाइकाला द्यायची बंद केली. एअरबॅग, एबीएस, अपघाताच्या चाचण्या असे एकेक नियम येत गेले आणि तेहतीस वर्षं जवळपास त्याच पत्र्यात उभी असलेली ही बाई त्यात बसेना. गाडी बंद झाल्यापासून मात्र तिचे भाव चढले. बंद पडल्यावर किंमत वाढणारी वस्तू आपल्याकडे दुसरी म्हणजे कापडगिरणी, तिची जमीन असते म्हणून.

जाहिराती बघायला बसलो तर प्रत्येक जिप्सी कोणत्या तरी कर्नलसाहेबांची होती. सगळ्या 'सिंगल हँड', सगळ्या 'शोरूम कंडिशन', आणि सगळ्यांच्या फोटोत डावी बाजू दिसेल पण उजवी दिसणार नाही. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या गाड्या असतातही, त्यांचे कागद नीट तपासायचे असतात. पण भारतात एवढे कर्नल असते तर बाकीच्या हुद्द्यांना जागाच उरली नसती.

आता मुद्द्याचं. जिप्सी एक नसते, हे भाचीला पहिल्यांदा समजावून सांगावं लागलं. सुरुवातीची जिप्सी ९७० सीसीची, ४५ हॉर्सपॉवरची, चार गिअरची. तिची चाकं एकमेकांच्या फार जवळ. पुढे १९९३ मध्ये दोन चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवलं, म्हणजे साधारण चार बोटं, आणि कडेचे मडगार्ड फुगवले. १९९६ मध्ये 'जिप्सी किंग' आली. तेराशे सीसीचं इंजिन, पाच गिअर, ६० हॉर्सपॉवर. २००० मध्ये त्याच इंजिनाचे व्हॉल्व्ह सोळा झाले, कार्बोरेटर गेला आणि ताकद ८० वर पोहोचली. गाडीचं वजन टनाच्या आतबाहेर. हलक्या अंगाला ८० घोडे जोडले की ती चांगलीच उधळते.

इथे माझ्यातला मामा जागा झाला. पोरीच्या हाती द्यायला कोणती बरी? पहिली हळू आहे, पण अरुंद. शेवटची रुंद आहे, पण चपळ. अठरा वर्षांच्या मुलीसाठी रुंद आणि हळू असं स्थळ हवं, आणि ते १९९३ ते १९९६ या काळात सापडतं. पाय फाकवून उभी राहणारी, पण चढाला धापा टाकणारी. भाचीला मी हा शोध मोठ्या आनंदाने सांगितला. तिने मनातल्या मनात वजाबाकी केली.

"म्हणजे माझ्यापेक्षा मोठी?"

"दहा-बारा वर्षांनी."

"मग हिला काय म्हणायचं, ताई?"

भावोजींचा मार्ग वेगळा. ते इंजिनिअर आहेत, पण सॉफ्टवेअरचे, त्यामुळे लोखंडाविषयी त्यांना नितांत आदर आणि शून्य अनुभव. गाडी उलटेल का, हे त्यांनी गणिताने काढायचं ठरवलं. गणित खरंच सोपं आहे. दोन चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. उत्तर जितकं लहान, तितकी गाडी लवकर कलंडते. अमेरिकेत सरकारी खातं गाड्यांना उलटण्याचे तारे देतं, त्याच्या मुळाशी हाच भागाकार आहे. भावोजींनी फक्त गुरुत्वमध्याच्या उंचीऐवजी आख्ख्या गाडीची, टपासकट उंची घातली. त्या हिशेबाने जिप्सी आमच्या सोसायटीच्या गेटातूनच बाहेर पडेना. त्यांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला.

त्यांची भीती मात्र कागदापेक्षा खरी होती. या गाडीची आखूड आवृत्ती अमेरिकेत 'सामुराई' नावाने विकली जायची आणि तिथल्या तरुण पोरांनी ती डोक्यावर घेतली होती. १९८८ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने अचानक वळवून बघण्याच्या चाचणीत ती दोन चाकांवर जाते म्हणून 'घेऊ नका' असा शेरा मारला. अमेरिकन सरकारने गाड्या परत बोलवायला नकार दिला. चाचणीच मुद्दाम तशी घेतली म्हणून सुझुकी १९९६ मध्ये कोर्टात गेली, आणि २००४ मध्ये दोघांनी आपसात मिटवून घेतलं. ही हकिगत मी घरच्या ग्रुपवर टाकली. ताईने १९८८ पर्यंतच वाचली आणि भाचीने २००४ पासून पुढची.

आपली जिप्सी सामुराईपेक्षा लांब आहे, म्हणून जरा बरी. पण घराणं तेच. उंच अंग, आखूड बांधा, पुढेमागे पाटे. आणि ती उलटायला डोंगर लागत नाही, एक कुत्रं पुरतं. नवशिक्या चालवणारा सत्तरने जातोय, कुत्रं आडवं येतं, हात आपोआप डावीकडे झटका देतो. इथपर्यंत गाडी सहन करते. मग कडेचा खड्डा दिसतो आणि हात घाबरून उजवीकडे दुसरा झटका देतो. गाडीचं अंग अजून पहिल्या झटक्याने एका कुशीवर झुकलेलं असतं, ते उसळून दुसऱ्या कुशीवर येतं. उंच गाडी पडायचा मोठा धोका असतो तो या दुसऱ्या झटक्याला. कुत्रं तोवर पलीकडे जाऊन बसलेलं असतं. ब्रेक करकचून दाबला तर एबीएस नसल्याने चाकं जागीच धरतात आणि धरलेली चाकं स्टेअरिंगचं ऐकत नाहीत. नव्या गाडीत हे सगळं सांभाळायला एक कॉम्प्युटर बसलेला असतो. जिप्सीत कॉम्प्युटरच्या जागी मळकं फडकं असतं.

एवढं ऐकून कोणीही शहाणा माणूस विषय संपवेल. आम्ही गाडी बघायला गेलो.

गाडी पौडच्या पुढे एका फार्महाउसवर होती. रंग हिरवा, टप कॅनव्हासचा, त्याला ठिकठिकाणी मोच्याने मारलेले टाके. मालकाने नेहमीचं सांगितलं, आम्ही नेहमीचं ऐकलं. बरोबर नाना पेठेतले चाचा आले होते. चाचांचं आयुष्य जीप आणि जिप्सी यांच्या खाली गेलं, अक्षरशः. उभ्याने बोलताना ते जरा अवघडतात. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. थेट ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पत्र्यावर ठक ठक करत गेले. ठक, ठक, ठक, भस्स. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत. वाकून बघितलं तर खाली गवत, आणि गवतात एक मुंगळा आपल्या कामाला चाललेला.

"हे काय?" भाचीने विचारलं.

"उन्हाळ्यात हवा येते," मालक म्हणाले.

मग चाचा चासीखाली गेले आणि बराच वेळ फक्त त्यांचे पाय आमच्याशी बोलत होते. पाटे बसलेत. मागचा शॉकॲब्सॉर्बर नावाला आहे. चासी मात्र एक नंबर, कुठे वेल्डिंग नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. जिप्सीचा पत्रा कापून नवा लावता येतो, इंजिन बांधता येतं, पण चासीला तडा असेल तर गाडीला दुरून नमस्कार करावा. भाची हे सगळं वहीत लिहून घेत होती. बारावीच्या वर्षात मी तिच्या हातात वही इतक्या भक्तिभावाने बघितली नव्हती.

पुढच्या चाकांच्या मधोमध असलेल्या चकत्यांपाशी चाचांनी तिला उकिडवं बसवलं. या चकत्या हाताने फिरवायच्या असतात, एका बाजूला 'फ्री', दुसऱ्या बाजूला 'लॉक'. फ्री असताना पुढची चाकं नुसती गडगडत जातात आणि गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. लॉक केल्यावर आत बसून दुसरी दांडी ओढली की चारही चाकं ओढायला लागतात. म्हणजे चिखलात रुतल्यावर तुम्हाला फोर व्हील हवं असेल तर आधी त्याच चिखलात उतरून दोन्ही चाकांशी बसावं लागतं. जाणते लोक म्हणून चिखल दिसायच्या आधीच लॉक करतात. आणि कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, गिअरबॉक्स त्यांना एकाच गतीने फिरवू बघतो, आणि ती ओढाताण कुठे तरी फुटून बाहेर पडते. "घरात दोन कर्ते असले की होतं तसं," चाचा म्हणाले आणि भावोजींनी नकळत ताईकडे बघितलं.

मग भाची चालवायला बसली. फार्महाउसचं माळरान, आजूबाजूला शेळ्या, मी शेजारी, गळ्यातल्या ताइतासारखा हँडब्रेक धरून. तिचं शिक्षण मोटार ट्रेनिंग स्कूलच्या पॉवर स्टेअरिंगवाल्या गाडीवर झालेलं. तिथे एका बोटाने चाक फिरतं आणि चुकलं तर सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. इथे तिने दोन्ही हातांनी चाक ओढलं, गाडी जागची हलेना.

"मामा, हिला पॉवर स्टेअरिंग नाही?"

"आहे ना. पॉवर तुझी."

गाडी चालू लागली तसं स्टेअरिंगचा 'प्ले' समजला. चाक थोडं फिरवलं तरी गाडी ऐकत नाही, आणखी फिरवलं की एकदम ऐकते. सरळ रस्त्यावरसुद्धा हात सतत डावीकडे-उजवीकडे चालू ठेवावे लागतात. जुन्या मराठी सिनेमात नायक स्टुडिओतल्या गाडीत बसून का तसे चाक हलवायचा, ते तिला त्या दिवशी कळलं. एसी नाही, काच हाताने उघडायची, गाणी लावायची सोय नाही, आणि असती तरी इंजिनाच्या आवाजात फक्त तबला ऐकू आला असता. तिसऱ्या गिअरला पाटे आपलं मत मांडायला लागले. बैलगाडीत बसल्यावर पूर्वज कोणत्या भाषेत बोलत असतील ते मला कळलं. वाक्यं अर्धवट तोडून.

माळाच्या टोकाला उतार होता. लाल मातीचा, पावसाने चिरलेला. मी म्हटलं परत फिरू. चाचांनी बाहेरून खूण केली, हब लॉक केले, छोटी दांडी फोर-लोमध्ये टाकली आणि तिला सांगितलं, पहिला गिअर, आता तिन्ही पेडलवरून पाय काढ. तिने काढले. माझे पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर होते. गाडी कण्हत, गुरगुरत, एकेक चर चाकाखाली घेत, मुंगीच्या पावलांनी खाली उतरली. वेग धावणाऱ्या माणसापेक्षा कमी. तळाला पोहोचल्यावर भाचीने जो चेहरा केला, तो बघून माझा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा कंबरेत होता.

खरं सांगायचं तर गाडी शिकायला याहून चांगली गुरू मिळणं कठीण. गिअर कधी बदलायचा ते इंजिन ओरडून सांगतं. क्लच अर्धवट सुटला तर सबंध शरीराला कळतं. रस्ता कसा आहे हे पार्श्वभागाला समजतं, आणि मान वळवल्याशिवाय काही दिसत नसल्याने मान वळवायची सवय लागते. नवी गाडी मुलांचे लाड करते. ती ब्रेकची चूक पोटात घालते, घसरणं सावरून घेते, आणि पोराला वाटतं आपल्याला येतंय. जिप्सी एकही चूक झाकत नाही. पण गुरू चांगली म्हणून ती राखणदारही चांगली, असं कोणी समजू नये. चूक झाल्यावर वाचवायला तिच्याकडे एअरबॅग नाही, डोक्यावर कॅनव्हास आहे, आणि दाराचा पत्रा इतका पातळ की बाहेरचा माणूस काय बोलतो ते आत नीट ऐकू येतं. माळावर, शेतात, जंगलात, दहा-वीसच्या वेगात ती सोनं आहे. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या रांगेत नवशिकीच्या हाती ती देणं मला पटत नाही. मग ते चाचांना कितीही पटो. चाचा स्वतः एसटीने जातात.

आणि मला खरी धास्ती गाडीपेक्षा मागच्या बाकांची होती. जुन्या जिप्सीत मागे दोन बाक समोरासमोर, आडवे. त्यावर सहा मित्रमैत्रिणी गुडघ्याला गुडघा लावून बसतात, पट्टे नाहीत, आणि प्रत्येकाकडे मोबाइल. पहिला पाऊस, शनिवार, ताम्हिणी घाट, एक जण मागे उभा राहून रील काढतोय, बाकीचे "अजून जरा जोरात" म्हणतायत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नव्या लायसन्सवाल्या पोरांनी गाडीत किती मित्र घ्यायचे यावरही बंधन आहे, कारण मित्र वाढले की अपघात वाढतात हे तिथे तपासून बघितलंय. आपल्याकडे असा नियम नाही. आपल्याकडे उलट कोणाला वगळलं तर तो रुसतो.

अठराच्या आतल्या पोराला 'नुसती गल्लीत फिरवू दे' म्हणून किल्ली देणारे बाप मला भेटत असतात. त्यांच्यासाठी २०१९ पासून कायद्यात चोख सोय आहे. पोराने गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला वयाची पंचवीस होईपर्यंत लायसन्स नाही. त्यावर त्यांच्याशी चर्चा करण्यात मला रस नाही.

भाचीने मात्र चर्चेची तयारी जोरात केली होती. तिने सामानाची यादीच आणली. मोठे टायर, गाडी उंच करायचं किट, पुढे जाडजूड लोखंडी बंपर, ओढून काढायचा विंच, आणि पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घ्यायला वर काढलेली नळी. "पुण्यात?" ताईने विचारलं. "पावसाळ्यात," तिने उत्तर दिलं, आणि पावसाळ्यातलं पुणं बघितलेल्या कोणालाच पुढे बोलता आलं नाही. नळी सोडून बाकी सगळं मी कापलं. मोठे टायर आणि किट म्हणजे मुळातच उंच असलेली गाडी आणखी उंच करणं. भावोजींच्या भागाकारात खालचा आकडा वाढतो, तेव्हा फ्रिजवरचा कागद हळूहळू खरा व्हायला लागतो. शिवाय कंपनीने जशी बनवली तशीच गाडी ठेवा, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, आणि लोखंडी बंपरवर तर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरातच बंदी आणली. फेरफार केलेल्या गाडीचा अपघात झाला की इन्शुरन्सवाले एकदम कायद्याचे अभ्यासक होतात. कागदांचंही पाहावं लागतं. पंधरा वर्षांनी पासिंग, मग दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, वर पर्यावरण कर. तीस वर्षांची गाडी म्हणजे आरटीओत तिची ओळख आपल्यापेक्षा जुनी.

शेवटी तह झाला. वाटाघाटी आईच्या, म्हणजे भाचीच्या आजीच्या अध्यक्षतेखाली झाल्या. आईला गाडीतलं काही कळत नाही, त्यामुळे तिचे मुद्दे सर्वांत नेमके होते. मागचे बाक दुमडून बांधून ठेवायचे, त्यावर कोणी बसायचं नाही. शेजारी एकच जण, पट्टा लावून. कॅनव्हास काढून पक्का टप बसवायचा आणि त्याची आरटीओत रीतसर नोंद करायची. रात्री नाही, एक्स्प्रेसवे नाही, साठच्या वर नाही. पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत शेजारी मोठं माणूस, गाडीला पुढेमागे लाल 'एल'. शिवाय आधी स्टेपनी स्वतः बदलून दाखवायची. भाचीने सगळं कबूल केलं. इतक्या पटकन कबूल केलं, की ताईने संशयाने पुन्हा एकदा वाचून घेतलं.

"आणि कुत्रं आडवं आलं तर?" आईने तोंडी परीक्षा घेतली.

"सरळ राहायचं, ब्रेक दाबायचा, चाक ओढायचं नाही."

"आणि कुत्रं?"

"आजी, जिप्सीचा आवाज ऐकून कुत्रं आधीच पळालेलं असतं."

गाडी घेतली. पाटे, शॉकॲब्सॉर्बर आणि तो हवेशीर पत्रा बदलल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही, हे चाचांचं कलम होतं आणि ते एकमताने मंजूर झालं. ती आता त्यांच्या गॅरेजमध्ये विटांवर उभी आहे, खालून पत्रा कापलेला, चारही चाकं काढलेली. एका बाजूच्या पाट्यांचा संच मिळाला, दुसऱ्या बाजूचा यायचाय. भाची रविवारी तिथे जाते, ग्रीसने माखून घरी येते. ब्रेक ड्रम उघडून आतले लायनर कसे बघायचे ते तिला येतं. लायसन्सची परीक्षा ती ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर पास झाली आणि आरटीओतल्या साहेबांना म्हणाली म्हणे, की सर, या गाडीचा क्लच लवकर जाणार. भावोजीही हल्ली 'हिला सोडायला' म्हणून जातात आणि दुपारपर्यंत परतत नाहीत. ताई एवढी निवांत मी कित्येक महिन्यांत पाहिली नाही.

चाचा म्हणालेत, दिवाळीपर्यंत देतो. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते मी विचारलेलं नाही. ताईने तर, विचारलंस तर बघ, असं मला बजावूनच ठेवलंय.